येतो म्हणजे जातो

आम्ही दोघे 1991 साली न्यू जर्सीत आलो. तेव्हा मराठी कार्यक्रम बघायला मिळणे म्हणजे सणच असे. पुण्याहून कोणी नाटकाची कॅसेट आणली, तरी ती इथल्या व्हीसीआरवर लागत नसे. भारतात पाल आणि अमेरिकेत एनटीएससी, अशा पद्धतीच निराळ्या! ज्यांच्याकडे दोन्ही चालवणारा व्हीसीआर असे, त्यांच्या घरी चार कुटुंबे जमत. पोरे सतरंजीवर, मोठी माणसे सोफ्यावर आणि मध्ये चिवड्याचे पातेले. 2001 साली अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली, तिची गोष्ट तर आईने आम्हाला फोनवर सांगितली.

आता पुण्यात रात्री दाखवलेला भाग आम्हाला इथे त्याच संध्याकाळी इंटरनेटवर बघता येतो. पण घरात माणसे पाच आणि पडदेही पाच! म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही ठरवले, की शुक्रवारी रात्री सर्वांनी मिळून एकच मराठी मालिका बघायची.

आमची आठ वर्षांची नात मन लावून बघे. हसायच्या जागी हसे. आम्हाला धन्य वाटे! एके दिवशी पडद्याखालच्या इंग्रजी ओळी अचानक बंद पडल्या. ती म्हणाली, "आजी, आता मला काहीच कळत नाही." इतके महिने ती मराठी ऐकत नव्हती, इंग्रजी वाचत होती. हे आमच्या मनाला फार लागले.

त्या दिवसापासून ओळी बंद. वीस मिनिटांच्या भागाला आता पाऊण तास लागतो, कारण दर दोन मिनिटांनी थांबून प्रश्न. जावईबापू कुरकुरतात. एकदा नातीने विचारले, "तो काका 'येतो' म्हणाला आणि निघून गेला. खोटं का बोलला?" आम्ही सांगितले, "अगं, आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. परत यायचं असतं ना!"

रविवारी पुण्याला पणजीशी बोलणे झाले. फोन ठेवताना नात रोज 'बाय' म्हणते. त्या दिवशी म्हणाली, "येते हं, पणजी."

शहाऐंशी वर्षांची आमची आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "ये गं बाळा, लवकर ये."

पालकहो, आठवड्यातून एक भाग तरी ओळी बंद करून मुलांबरोबर बघा. वेळ दुप्पट लागेल, पण लागू द्या.