व्हिएन्नाचा आकाशपाळणा

म्युनिकहून निघालेली आगगाडी सुमारे चार तासांनी व्हिएन्नाच्या मुख्य स्थानकात शिरली, तेव्हा माझे पती खिडकीला कपाळ टेकवून बाहेर पाहत होते. आमची कन्या नोकरीनिमित्त म्युनिकला असते. ‘कोठे जायचे?’ असे तिने विचारताच ह्यांनी नकाशावर डाव्या हाताचे बोट ठेवले होते ते व्हिएन्नावर. त्यामागचे कारण मला ठाऊक होते.

रिचर्ड लिंकलेटर या अमेरिकी दिग्दर्शकाचा ‘बिफोर सनराइज’ हा चित्रपट १९९५ साली आला. बुडापेस्टहून येणाऱ्या गाडीत ओळख झालेले जेसी आणि सेलीन व्हिएन्नात उतरतात आणि पहाटेपर्यंत शहरभर चालत, बोलत राहतात. २००४ साली ‘बिफोर सनसेट’मध्ये ते पॅरिसला पुन्हा भेटतात, तर २०१३ च्या ‘बिफोर मिडनाइट’मध्ये ग्रीसच्या दक्षिणेकडे संसारी जोडपे म्हणून दिसतात. इथन हॉक आणि ज्युली डेल्पी हेच कलावंत तिन्ही चित्रपटांत आहेत. मधल्या नऊ-नऊ वर्षांचे वय त्यांच्या चेहऱ्यावर रंगभूषेने आणलेले नाही. ते खरोखर सरलेले आहे. हे मराठीचे प्राध्यापक. तिन्ही चित्रपट आम्ही घरीच पाहिले आणि प्रत्येक वेळी चित्रपट संपल्यावर हे तासभर बोलत राहिले. मी ऐकत असे.

दोन वर्षांपूर्वी मेंदूच्या डाव्या भागातील रक्तवाहिनीत गुठळी अडकली. उजवा हात दुबळा झाला आणि वाचाघात झाला. बहुतेक माणसांची भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या भागात असतात. वाचाघातात बुद्धी जात नाही, माणूसही हरवत नाही. मनातील अर्थ आणि ओठांवरचा शब्द यांमधील वाट मोडते. तीस वर्षे रुग्णांच्या नातेवाइकांना मी हेच समजावून सांगत आले. घरी मात्र ह्यांनी एक अक्षर उच्चारताच उरलेले वाक्य मी पुरे करी. पाणी? चष्मा? गोळी? वेळ वाचे, ह्यांची धडपड वाचे. ही सेवाच आहे, अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्राटर उद्यानात गेलो. तेथील आकाशपाळणा सुमारे ६५ मीटर उंच आहे. पहिल्या चित्रपटातील सायंकाळचा प्रसंग याच पाळण्यात घडतो. सम्राट फ्रान्झ जोसेफच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंग्रज अभियंता वॉल्टर बॅसेट याने १८९७ साली तो उभारला. मुळात त्याला ३० डबे होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, तो जळाला. डागडुजी होऊन १९४७ साली तो पुन्हा फिरू लागला, तो मात्र निम्म्याच, म्हणजे १५ डब्यांसह. आजही तितकेच आहेत. दोन डब्यांमधील मोकळी जागा खालूनही दिसते. मी हे ह्यांना सांगितले. ह्यांनी वर पाहिले, डाव्या हाताने एकेक डबा मोजला आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बोट दाखवून हसले.

तेथून आम्ही कॅफे श्पेर्लमध्ये गेलो. १८८० सालापासून चालत आलेले हे कॉफीगृह. संगमरवरी मेजे, जुन्या गाद्यांची आसने आणि बराच वेळ एका पेल्यावर बसले तरी कोणी उठवत नाही अशी व्हिएन्नाची रीत. चित्रपटात जेसी आणि सेलीन येथेच समोरासमोर बसून हाताचा दूरध्वनी करतात आणि आपापल्या मित्रमैत्रिणीला फोन लावल्याचे नाटक करीत मनातले सांगून टाकतात.

कॉफी आली. ह्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून डावा हात कानाला लावला. मीही लावला.

“हॅलो,” हे म्हणाले. असे सवयीचे शब्द वाचाघातातही पुष्कळदा टिकून राहतात. पुढचा शब्द मात्र येईना. “तू… तू…” ओठ हलत होते, कपाळावर आठ्या पडल्या. माझ्या जिभेवर सगळे पर्याय तयार होते. औषध? स्वच्छतागृह? तोच ह्यांनी उजवा हात मेजावरून किंचित उचलला, थांब म्हणून. मी थांबले. मिनिट सरले असेल. ते मला फार लांब वाटले.

“तू… दमलीस?”

दोन वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. ह्यांनी तो यापूर्वी किती वेळा विचारायला घेतला असेल आणि मी हातात पाण्याचा पेला दिला असेल, कोण जाणे. ‘हो’ म्हणताना माझा आवाज फुटला. मग मात्र पुष्कळ वेळ मी बोलले आणि हे ऐकत राहिले.

‘बिफोर मिडनाइट’मध्ये जेवणाच्या मेजावर एक वृद्ध गृहस्थ आपल्या दिवंगत पत्नीविषयी बोलतात. आपण दोघे कधी एकजीव झालो नाही, दोनच राहिलो आणि तसेच आवडत होते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे. पूर्वी ते मला कोरडे वाटले होते. आता पटते. आजारी माणसाच्या वतीने आपणच बोलू लागलो, की दोघांतला एक नाहीसा होतो.

ज्यांच्या घरी वाचाघाताचा रुग्ण आहे, त्यांना माझी विनंती आहे. बोलताना दूरचित्रवाणी बंद ठेवा आणि समोर बसा. एका वेळी एकच, छोटा प्रश्न विचारा. ओरडू नका; कान शाबूत आहेत. लहान मुलाशी बोलतो तसे बोलू नका. खुणा, चित्रे, लेखन, सगळे चालू द्या. रुग्णाने मागितल्याशिवाय शब्द पुरवू नका. वाचोपचार चालू ठेवा. सुधारणा काही वर्षांनंतरही होऊ शकते. प्रवासाला निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या, औषधे हातातल्या पिशवीत ठेवा आणि विमानतळावर चाकाच्या खुर्चीची मदत आधीच मागा. चेहरा अचानक वाकडा झाला, हात लुळा पडला वा बोलणे अडखळले, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठा.

आणि सेवा करणाऱ्याने ‘मी दमलो’, ‘मी दमले’ हे सांगायला संकोचू नये. ऐकणारे कोणी घरातच असते.

संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर ह्यांनी पुन्हा हात कानाला लावला. ट्राम आली आणि गेली. आम्ही पुढच्या ट्रामने गेलो.