ओल

५ मे २०२४, रविवार

लालबागमधल्या एका चाळीची मागची भिंत मिळाली. सेक्रेटरी काका म्हणाले, "पुनर्विकासात पाडायचीच आहे, रंगवा काय ते. देवाचं चित्र तेवढं नको, पाडताना पंचाईत होते." बावीस फूट लांब, नऊ फूट उंच. खालचे दोन फूट ओलीने खाल्लेत, पापुद्रे नखाने निघतात. भिंतीकडे जे आहे तेच लिहायचं ठरवलं: ओल. दोनच अक्षरं.

रात्री जुन्या दोस्ताचा फोन. "परवानगी घेऊन? म्हणजे आता तूही सुशोभीकरणवाली." या शब्दावरच चुना मारावासा वाटतो. पुलाच्या खांबांवर डॉल्फिन, संडासाच्या भिंतीवर सूर्यफूल, झालं शहर सुंदर. पण परवानगीने रंगवलेलं सगळंच पुचाट असतं असंही नाही. २००९ साली तुळशी पाइप रोडवरची रेल्वेलगतची भिंत पालिकेच्या परवानगीनेच लोकांनी रंगवली होती. मी अठरा वर्षांची. पहिल्यांदा कळलं की मुंबईत भिंतीवर जाहिरात आणि 'येथे लघवी करू नये' यांच्याशिवाय काही असू शकतं.

त्यानंतर तीन-चार वर्षं रात्री लिहीत हिंडले. मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा कायदा १९९५चा आहे, तो मी मोडलाय. मोठेपणा सांगत नाही, गळाही काढत नाही. लाज एकाच गोष्टीची वाटते. एका शिवणकामवाल्याच्या शटरवर लिहिलं आणि सकाळी मुद्दाम बघायला गेले. तो थिनरमध्ये फडकं बुडवून घासत होता, शेजारी ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बाया ताटकळत उभ्या. तेव्हापासून कोणाच्या पोटाच्या शटरला हात लावलेला नाही.

११ मे, शनिवार

दिवसभर कागदावर 'ल'.

ग्राफिटीची वळणं आपल्याकडे आली ती रोमन लिपीतून. न्यूयॉर्कचा तो 'टाकी १८३', टोपणनाव आणि राहत्या रस्त्याचा नंबर एवढंच लिहिणारा, १९७१मध्ये त्याच्यावर पेपरात बातमी आली आणि पोरांना वेडच लागलं. त्या लिपीत प्रत्येक अक्षर स्वतःच्या पायावर उभं असतं. त्याला फुगवा, पाडा, शेजारच्याच्या अंगावर ढकला, चालतं. आपली अक्षरं वरून लटकतात. शिरोरेषा म्हणजे वाळत घालायची दोरी. आमच्यातले बरेच जण न्यूयॉर्कचा फुगीर साचा घेतात आणि देवनागरी त्यात कोंबतात. वेलांटी गुदमरते, मात्रेला शिंग फुटतं. दिल्लीचा डाकू आपलं नाव देवनागरीत लिहितो, तेव्हा ते उसनं वाटत नाही. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींत जी अक्षरं केली, ती आमच्या पोरांनी आधी बघावीत. नाटकाचं नाव वाचता वाचता नाटकाचा स्वभाव कळायचा. स्प्रे नंतर घ्या हातात.

आणि 'ल' पाकळ्यांचाच हवा, मराठी. हिंदीतला दांडीचा नको. पाकळ्यांचा ल मनगट न उचलता एका दमात येतो.

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ते म्हणायचे, आधी अक्षराच्या पोटातली रिकामी जागा बघ, रंग आपोआप बसतो. फ्लेक्स आला आणि त्यांचे ब्रश रॉकेलच्या डब्यातच कडक झाले. गेल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मुदत दिल्यावर दुकानांवर मराठी पाट्या लागल्या. पाट्या आल्या, पेंटर आला नाही. एकच फॉन्ट, ताणून लांब केलेला.

१४ मे, मंगळवार

काल दुपारी धुळीचं वादळ. घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं. सकाळपर्यंत मृत १४. पावसापासून आडोसा म्हणून लोक तिथे थांबलेले.

होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं. पालिकेची मर्यादा ४० बाय ४०. कागद पुढे ठेवून आकडेमोड केली: क्षेत्रफळ नऊपट. एवढं दांडगं धूड दिवसाउजेडी उभं राहतं. आमच्या हातात एक कॅन दिसला की शिट्टी वाजते. यापुढे काही लिहिवत नाही. आज रंगाला हात लावला नाही.

२० मे, सोमवार

मतदान. बोटाला शाई, नखात आधीचाच निळा. पूर्वी निवडणुकीत बाबांना जेवायला सवड नसायची, भिंती भरून निशाण्या. सकाळी एका पक्षाची, संध्याकाळी दुसऱ्याची. हात तोच.

२६ मे, रविवार

पहाटे पाचला सुरुवात. तारेच्या ब्रशने पापुद्रे काढले, वरच्या भागाला प्रायमर. खालचे दोन फूट मुद्दाम तसेच सोडले. दोन टोकांना खिळे ठोकून निळीचं सूत मारलं: शिरोरेषा. आतला रंग रोलरने, कडा स्प्रेने. 'ओ'ची मात्रा दोनदा बिघडली, वारा होता. ल एका दमात आला. हे लिहिताना अजून हात गरम आहे.

तळमजल्यावरच्या आजी दात घासत आल्या.

"काय गं लिहिलंस?"

"ओल."

"ती आहेच की. बारा महिने आहे. लिहायची कशाला?"

मला उत्तर सुचलं नाही. त्याच पुढे म्हणाल्या, "सेक्रेटरीला वाचून दाखव. आम्ही सांगून थकलो."

कलेच्या हेतूवर मी दोन व्याख्यानं दिलीत. हे त्यांत नव्हतं. काका दहाला आले, वाचलं, हसले आणि चष्मा पुसत निघून गेले.

१० जून, सोमवार

काल मॉन्सून मुंबईत दाखल झाल्याचं जाहीर झालं. भिंत बघायला गेले. ओल अपेक्षेपेक्षा वर चढलीय, ल-ची डावी पाकळी खालून सुटलीय. चाळीतला एक मुलगा म्हणाला, "ताई, टचअप करणार?" नाही म्हटलं. त्याला ते पटलं नाही, तोंड वेंगाडून गेला. त्याचंही बरोबर असेल. रंग माझा असला तरी रोज बघायची भिंत त्याची आहे.

सूत मारायला ठोकलेले खिळे काढायचे राहिले होते. आजींनी त्यांना दोरी बांधलीय. पाऊस थांबलेला, दोरीवर दोन परकर आणि एक टॉवेल.