हात पडले तेव्हा

भावांनो, ट्रॅक्टरच्या मागं दोन लोखंडी हात असतात. लिव्हर ओढला की ते उठतात आणि रोटाव्हेटर मातीतनं वर येतो. गेल्या जूनमध्ये आमच्या गटाच्या मिनी ट्रॅक्टरचे हात पडले.

२०१२ च्या शासन निर्णयानं अनुसूचित जाती-नवबौद्धांच्या बचत गटांना मिनी ट्रॅक्टर मिळायला लागले. साडेतीन लाखांपर्यंतची खरेदी, त्यात ९० टक्के सरकारचे, १० टक्के गटाचे. आमच्या घरांनी ते पस्तीस हजार कसे उभे केले ते विचारू नका. चुलतीनं डोरलं मोडलं. खेड तालुक्यात भामेच्या काठाला आमची वतनाची तुकड्या-तुकड्यांची जमीन. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं, जमीन राहिली. पण नांगरट पाटलाच्या ट्रॅक्टरनं. त्याचं रान उरकल्यावर आमचं. तोवर वाफसा निघून गेलेला.

म्हणून हात पडले तेव्हा आळीत सुतक आल्यागत झालं. चावडीवर हसले, "फुकटाचं, फुकटात गेलं." शोरूमचा मेकॅनिक आला. न उघडताच म्हणला, पंप गेला, अठरा हजार. बाप गप बसला. मग बोलला, "पाटलाकडं जाऊन येतो."

मी म्हणलं, "आबा, रविवारपर्यंत थांबा."

मी चाकणच्या एमआयडीसीत कंत्राटी फिटर. हायड्रॉलिक प्रेसवर काम. माझं नाव कंपनीच्या नाही, ठेकेदाराच्या वहीत. पण दाबातलं तेल कुठनं पळतं ते मला कळतं.

आधी तेल बघितलं. पातळी बरोबर, दुधासारखं पांढरं झालेलं नाही, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. जाळी काढून डिझेलनं धुतली. फरक नाही. मग रोटाव्हेटर सोडून डंपिंगची ट्रॉली जोडली. शेणखतानं भरलेली ट्रॉली सरळ उभी राहिली. तेल त्याच पंपाचं. पंप मेला असता तर ती उठली असती का?

पुन्हा रोटाव्हेटर जोडला. इंजिन चालू असताना हात थोडे उठायचे, खाली सरकायचे, पंप पुन्हा ढकलायचा. उचकी लागल्यासारखं. इंजिन बंद केलं तर बिडी संपायच्या आत रोटाव्हेटर भुईला. म्हणजे दाब येतोय, टिकत नाही. आतनं गळतंय. पिस्टनचा सील, नाहीतर वाल्व.

उचललेल्या अवजाराखाली कुणीही शिरू नका रे. हात सोडतात तेव्हा सांगून सोडत नाहीत. आम्ही रोटाव्हेटर जमिनीवर टेकवून बाजूला केला, मगच सीट काढली, नट सोडले, चिंचेच्या फांदीला चेनपुली बांधून लिफ्टचं झाकण उचललं.

जयंतीच्या मिरवणुकीत ह्याच ट्रॅक्टरवर चढायला पंचवीस पोरं असतात. त्या दिवशी पाना धरायला एकच आलं, तेही शाळेतलं.

पिस्टन बाहेर आला. रबरी ओ-रिंग एका कडेनं चावल्यासारखी कापलेली. तिच्या शेजारी एक कडक रिंग असते, ती दाबाच्या उलट्या बाजूला बसवायची, म्हणजे रबर फटीत घुसत नाही. आमच्यात ती दाबाच्या बाजूला होती. मागच्या साली सर्व्हिसिंगला ज्यानं उघडलं त्यानं तशीच ठोकलेली. भोसरीतनं रिंगांचा जोड आणला, साठ रुपये. सिलिंडरवर बोट फिरवलं, चरे नव्हते.

आबा बॅटरी धरून उभे. म्हणले, "तुला कुणी शिकिवलं रं?"

"कुणी नाही. पर्मनंट फिटर प्रेस उघडायचा, मला सांडलेलं तेल पुसायला लावायचा. पुसता पुसता बघितलं."

आबा काही बोलले नाहीत. बॅटरी जरा जवळ आणली.

रात्री रोटाव्हेटर वर उचलून इंजिन बंद केलं, हाताच्या उंचीवर मडगार्डला खडूची रेघ मारली. आबा दोनदा उठून बघून आले. सकाळी हात रेघेच्या बोटभर खाली होते. म्हणलं, एवढं चालतं.

वाफसा दोन दिवसांचा होता. पहिलं रान चुलतीचं घेतलं.