पाठीला पाठ

कोल्हापूरच्या खासबागेत कुस्तीचं मैदान आणि नाटकाचं थिएटर पाठीला पाठ लावून उभी आहेत. इकडे तांबड्या मातीत शड्डू घुमायचा, तिकडे तिसरी घंटा व्हायची. हा शेजार जुळवला राजर्षी शाहू महाराजांनी. युरोपच्या प्रवासात रोमचं कलोसियम त्यांच्या मनात भरलं होतं. त्यातून १९१२ साली मैदान झालं. पुढच्याच वर्षी थिएटरचं काम सुरू झालं आणि १९१५ साली ‘पॅलेस थिएटर’ उभं राहिलं.

ज्या राजाच्या पदरी अल्लादियाखाँसाहेब गवई होते, त्याच राजाला तालमीचाही नाद. कोल्हापूरकराला यात काही विपरीत वाटत नाही. डाव मारायचा असो की तान घ्यायची असो, भांडवल एकच, दमसास. माइक नसलेल्या त्या दिवसांत नाट्यपद शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला गळ्याइतकीच छातीही लागायची.

तशी छाती गायक-नट केशवराव भोसल्यांची होती. पोरवयात ते ‘शारदा’ नाटकातली शारदा म्हणून गाजले. १९०८ साली त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी काढली. १९२१च्या जुलैत, टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त ‘मानापमाना’त ते धैर्यधर होते आणि समोर भामिनी होऊन बालगंधर्व. तीनच महिन्यांत केशवराव गेले, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. पुढे थिएटरला त्यांचंच नाव लागलं.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच गेला, छप्पर गेलं, खुर्च्या गेल्या. दगडी भिंती तेवढ्या तग धरून राहिल्या. ‘होतं तसंच बांधा,’ असं गाव एका तोंडानं म्हणालं.

पण ‘तसंच’ म्हणजे काय? दगड मापता येतो, लाकूड जुळवता येतं, जुन्या छायाचित्रावरून कमानही उतरवता येते. त्या वास्तूनं नटाच्या गळ्याला आणि प्रेक्षकाच्या कानाला लावलेली शिस्त मात्र नकाशात सापडत नाही. ती वापरातच टिकते.

म्हणून एवढंच मागणं. उद्घाटनाची फीत खुशाल कापा, भाषणंही करा. पण नव्या रंगमंचावर एक तरी नांदी माइकशिवाय होऊ द्या. शेवटच्या रांगेत ती ऐकू आली नाही, तर उणं वास्तूत आहे, गळ्यात आहे की आपल्या कानांत, याचा निकाल तरी लागेल.