न मिटणारी पापणी
पापणीवरील जुन्या व्रणासाठी पुन्हा शस्त्रक्रिया म्हटले, की घरातून प्रश्न येतो, ‘या वयात रूप कुणाला दाखवायचे?’ एका आजींना मीही असेच परत पाठवले. त्यांचा डोळा झोपेत मिटत नसे. कोरड्या बुबुळावर अखेर फूल पडले. वर्ध्यात वैद्यकी करणाऱ्या मला हे उमजायला हवे होते. जवळच दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली कुष्ठधाम उभारले; कुष्ठरोगातही नस दुबळी होऊन पापणी मिटेनाशी होते. व्रणाने आखडलेली पापणी सैल करून तेथे बहुधा कानामागची त्वचा लावतात. एरवी व्रण मऊ होईस्तोवर काही महिने थांबतात. बुबुळ उघडे पडत असल्यास मात्र थांबू नये. आपले माणूस झोपले असता मंद उजेडात पाहा, डोळ्याला फट राहते का?