उतरण्याची जागा

१९३० च्या मे महिन्यात इजिप्तमधील अबुकीर येथील विमानतळावर दोन भारतीय वैमानिकांची गाठ पडली. इंग्लंड आणि भारत यांमधील अंतर एकट्याने विमान चालवून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. पंचवीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा भारतातून इंग्लंडकडे निघाले होते. सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून भारताकडे येत होता. अस्पीचे विमान स्पार्क प्लगांवाचून अडून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले, आणि पारितोषिक अस्पीने मिळवले. हाच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

ही हकीगत खिलाडूवृत्तीचा दाखला म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि तिच्यात दुसरेही एक सत्य दडलेले आहे. विमान सुखरूप उतरले होते, पायाखाली जमीन होती. पण मुठीत मावेल एवढी एक वस्तू त्या ठिकाणी मिळत नव्हती, म्हणून माणूस खोळंबला होता. सपाट जमिनीला विमानतळपण येते ते अशा लहान वस्तूंमुळे, आणि त्या वस्तू ज्याच्यासाठी ठेवायच्या तो माणूस कोण, कधी येणार, हे ठेवणाऱ्याला ठाऊक नसते.

मोठ्या विमानतळावरून जाणाऱ्या प्रवाशाला हे सहसा जाणवत नाही. त्याची चिंता इतरांनी वाहिलेली असते. हौसेसाठी वा स्वतःच्या कामासाठी लहान विमान चालवणारा खासगी वैमानिक मात्र स्वतःच सारथी आणि स्वतःच प्रवासी असतो. आकाशातून तो जमिनीकडे पाहतो ते शेतकरी ढगाकडे पाहतो तसे. सौंदर्य दिसत नाही असे नाही, पण आधी उपयोग दिसतो. आंत्वान द सँतेक्झ्युपेरी या फ्रेंच लेखकाने आपल्या ‘तेर दे झॉम’ (१९३९) या पुस्तकात या दृष्टीचे मर्म नोंदवून ठेवले आहे. १९२६ मध्ये स्पेनवरून पहिल्यांदा टपाल न्यायची वेळ आली तेव्हा त्याचा ज्येष्ठ सहकारी गियोमे याने त्याला नकाशा समजावून दिला. त्या नकाशात शहरांना महत्त्व नव्हते. महत्त्व होते एका शेताच्या कडेला उभ्या असलेल्या तीन संत्र्याच्या झाडांना, गवताखाली लपून वाहणाऱ्या ओहोळाला, अचानक वाटेत येणाऱ्या तीस मेंढ्यांना आणि एका शेतकरी जोडप्याच्या एकाकी घराला. पुढे सहारा वाळवंटाच्या काठावरील काप ज्युबी या ठाण्यावर सँतेक्झ्युपेरीने स्वतः सुमारे दीड वर्ष तळप्रमुखाचे काम केले. स्पॅनिश किल्ल्याला लागून असलेल्या लाकडी बराकीत राहायचे, तूलूझ ते डकार या मार्गावरील टपालाची विमाने सांभाळायची आणि वाळवंटात उतरावे लागलेल्या सहकाऱ्यांना शोधून आणायचे, असे ते काम होते. त्याच्या लेखनातील माणुसकीची चर्चा पुष्कळ झाली आहे. ती माणुसकी एका तळाच्या व्यवस्थापनातून घडली, याकडे मात्र समीक्षेचे फारसे लक्ष गेलेले नाही.

खासगी विमानोड्डाणाचा आजचा सर्वांत विस्तीर्ण प्रदेश अमेरिका हा आहे. तेथे सार्वजनिक वापराचे सुमारे ५,००० विमानतळ आहेत आणि नियमित प्रवासी विमाने त्यांतील साधारण दहाव्या हिश्शाकडेच जातात. उरलेले बहुतेक म्हणजे मक्याच्या शेतांमधली एक डांबरी पट्टी, वाऱ्याची दिशा दाखवणारी एक नारिंगी कापडी नळी, दोन-चार हँगर आणि एक बैठी खोली. नियंत्रण-मनोरा नसतो. येणारा वैमानिक ठरलेल्या रेडिओ-लहरीवर आपण कोठे आहोत आणि कोणत्या बाजूने उतरणार आहोत हे स्वतःच जाहीर करतो. ऐकणारा कोणी असेल वा नसेल. नदीच्या अरुंद वळणावर नावाडी हाळी देतो, त्यातलाच हा प्रकार.

रात्रीची गोष्ट याहून विलक्षण आहे. अशा अनेक तळांवर धावपट्टीचे दिवे एरवी विझलेले असतात. वैमानिक त्या लहरीवर जातो आणि बोलण्याची कळ पाच सेकंदांत सात वेळा दाबतो, एक शब्दही न बोलता. आणि खालच्या काळोखात दिव्यांच्या दोन रांगा पूर्ण तेजाने उजळतात. पाच वेळा दाबली तर मध्यम, तीन वेळा दाबली तर मंद. पंधरा मिनिटांनी ते आपोआप विझतात. यामागे विजेची काटकसर आहे, काव्य नाही, हे खरे. पण ज्या गावात त्या क्षणी एकही माणूस जागा नाही, त्या गावाने परक्यासाठी दिवा लावण्याची सोय करून ठेवावी, ही काटकसर सामान्य म्हणता येणार नाही.

खालच्या त्या बैठ्या खोलीचे वर्णन करताना हसू येण्याचा संभव आहे. जुना सोफा, कॉफीचे यंत्र, भिंतीवर नकाशा, हवामान पाहण्यासाठी संगणक, आणि स्वच्छतागृह. यांतील शेवटच्या सोयीला वैमानिक किती मान देतात हे कळण्यासाठी एवढेच लक्षात घ्यावे, की चार आसनांच्या सेसना १७२ सारख्या विमानात ती नसते आणि एका दमात तीन-चार तास उडता येते. सोफ्याचे महत्त्व धुके उतरल्यावर कळते. पुढे जाता येत नाही आणि गाव चार मैलांवर असते, तेव्हा खोलीचे दार रात्री उघडे आहे की बंद, यावर त्या तळाची कीर्ती ठरते. काही भिंतींवर अंगरख्यांचे कापलेले तुकडे टांगलेले दिसतात. पहिल्यांदा एकट्याने उड्डाण केलेल्या शिकाऊ वैमानिकाच्या अंगरख्याची पाठ कापून त्यावर नाव-तारीख लिहिण्याची ती प्रथा आहे.

आणि ती मोटार! अनेक लहान तळांवर येणाऱ्या वैमानिकासाठी एक गाडी ठेवलेली असते. कधी ती निवृत्त झालेली पोलिसांची गाडीही असते. किल्ली खुंटीला अडकवलेली, शेजारी एक वही. वहीत नाव लिहायचे, गावात जाऊन जेवायचे, परत येताना पेट्रोल भरून ठेवायचे. भाडे नाही. अशा तळांवर बहुधा उतरण्याचेही शुल्क नसते. म्हणून जाणता वैमानिक गरज नसली तरी थोडे इंधन तेथे विकत घेतो. वैशाखात रस्त्याच्या कडेला पाणपोई घालणाऱ्या गावाला हा व्यवहार अपरिचित वाटणार नाही, फक्त पाणपोईवर असा उलट शिरस्ता नसतो.

इंधनाच्या बाबतीत मात्र भाबडेपणा चालत नाही. पिस्टन इंजिनाच्या विमानांचे प्रचलित पेट्रोल निळ्या रंगाचे असते. त्यात चुकून जेटचे इंधन मिसळले तर इंजिन उड्डाणानंतर बंद पडू शकते. म्हणून टाकी भरली जात असताना वैमानिक शेजारी उभा राहतो, नंतर तळातून थोडे इंधन पारदर्शक नळीत काढून उजेडाकडे धरतो. रंग पाहतो, पाण्याचा थेंब नाही ना हे पाहतो. कोणी याला अविश्वास म्हणेल. पंप सांभाळणारा चांगला माणूस त्याला अविश्वास समजत नाही, आणि वैमानिक त्याची आठवण ठेवतात ती यासाठी.

या साऱ्याच्या मुळाशी एक जुनी खटपट आहे. १९३० च्या दशकात रेडिओ आणि नकाशे तोकडे असताना अमेरिकेत गावोगावच्या छपरांवर गावाचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवण्याची शासकीय मोहीम निघाली. फीबी ओम्ली हिने तिचा पुरस्कार केला, आणि ब्लांश नॉइस, लुईझ थेडन, हेलन रिची या स्त्री-वैमानिकांनी ती राबवली. दुसऱ्या महायुद्धात शत्रूला वाट सापडू नये म्हणून किनाऱ्यांलगतची अक्षरे पुसली गेली. युद्ध संपल्यावर ती पुन्हा लिहावी लागली. हरवलेल्या माणसाला त्याने न विचारता गावाचे नाव सांगण्याचे हे काम स्त्री-वैमानिकांची ‘नाइन्टी-नाइन्स’ ही १९२९ मध्ये स्थापन झालेली संघटना अजूनही हौसेने करते.

या लहान तळांचे शेजारी त्यांच्याविषयी असेच प्रेमाने बोलतील असे नाही. त्यांना आवाज ऐकू येतो. शिवाय त्या निळ्या पेट्रोलात शिसे असते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा विमानांच्या धुरातील शिसे लोकांच्या आरोग्याला धोका पोचवणाऱ्या प्रदूषणात भर घालते, असा औपचारिक निष्कर्ष जाहीर केला. तळाशेजारी मुले वाढवणाऱ्या आईपुढे सोफ्याचे आणि कॉफीचे गोडवे गाता येत नाहीत. शिशाविना पेट्रोलाचे काम ज्या मंद गतीने चालले, तिच्याबद्दल वैमानिकांच्या संघटनांनाही दोषातून मोकळे करता येणार नाही.

पण शिकागोतील मेग्झ फील्ड नाहीसे झाले ते शिशामुळे नव्हे. १९४८ मध्ये सुरू झालेला हा एका धावपट्टीचा तळ मिशिगन सरोवराच्या काठावर, शहराच्या गगनचुंबी इमारतींच्या पायथ्याशी होता. ३० मार्च २००३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास महापौर रिचर्ड डेली यांच्या आदेशावरून तेथे यंत्रे घुसली आणि त्यांनी धावपट्टीवर फुल्यांच्या आकाराचे खड्डे खणले. बंद धावपट्टीवर फुली रंगवतात, हा सार्वत्रिक संकेत आहे; येथे तो खणून लिहिला गेला. आधी सूचना नव्हती. सोळा विमाने तळावर अडकली. महापौरांनी सुरक्षिततेचे कारण दिले; त्या जागेवर उद्यान करण्याची त्यांची इच्छा त्यापूर्वीच सर्वांना ठाऊक होती. सूचना न दिल्याबद्दल शहराला ३३,००० डॉलरचा दंड झाला. तेव्हाच्या कायद्यात तेवढीच कमाल मर्यादा होती. अडकलेल्या विमानांना पुढे धावपट्टीशेजारच्या अरुंद मार्गिकेवरून उडून जाण्याची परवानगी देण्यात आली.

घरच्या संगणकावर विमान चालवण्याचा जो खेळ मायक्रोसॉफ्टने १९८२ मध्ये आणला, तो वीस वर्षे मेग्झ फील्डच्या धावपट्टीवरूनच सुरू होत असे. ज्यांनी शिकागो कधी पाहिले नाही, ज्यांच्या हाती वैमानिकाचा परवाना कधी येणार नव्हता, अशा जगभरच्या मुलांनी पहिले उड्डाण तेथून केले आणि पहिल्यांदा उतरताना तेथेच सरोवरात विमान बुडवले. त्या खेळाच्या जुन्या प्रती ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या पडद्यावर ती धावपट्टी अजून तशीच आहे, डाव्या हाताला शहर आणि उजवीकडे पाणी.