दीड तासाचे माहेर

माझी थोरली बहीण हैदराबादेत दिलेली. आमच्या नगरपासून (कागदोपत्री आता अहिल्यानगर, जिभेला अजून वळण पडायचे आहे) करमाळा-सोलापूरवरून हैदराबाद सडकेने सव्वापाचशे किलोमीटरांच्या आसपास पडते. लग्नानंतर कितीतरी वर्षे ताई याच वाटेने यायची. रात्रभर बसमध्ये आखडून, डोळे तारवटलेले, लुगड्याचा बोळा झालेला, अशी ती सकाळी माळीवाड्याच्या स्टँडवर उतरे. आणि एकदा उतरली की तुळशीचे लग्न लागेपर्यंत हलत नसे. "एवढ्या लांबून आलेय, लगेच कशी जाऊ?" हे तिचे म्हणणे सासरीही सर्वांना पटे.

पुढे आमच्याच जिल्ह्यात विमानतळ झाला. नाव शिर्डीचे, पण तो आहे कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावी. १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. हैदराबादचे विमान सुरू झाल्याचे कळताच ताईचा फोन आला, "अरे, माहेर दीड तासावर आलं!"

मी पडलो शाळामास्तर. मला स्वस्थ बसवेना. वर्गात नकाशा टांगला आणि पट्टी ठेवून रेघ ओढली. हैदराबाद ते शिर्डी हवेतून सुमारे ५०० किलोमीटर. जवळच्या पल्ल्याची पंख्यांची विमाने तासाला साधारण तेवढेच अंतर कापतात. चढण्या-उतरण्याचा वेळ धरला तर दीड तास, कबूल. पण घरापासून शमशाबादच्या विमानतळापर्यंत एक तास, तिथे आधी जाऊन बसायचे दोन, आणि काकडीहून नगर ८० किलोमीटर, म्हणजे खड्डे चुकवीत अडीच तास. फळ्यावर बेरीज आली सात! एक पोरगा नकाशाकडे टक लावून म्हणाला, "गुरुजी, रेघ तर नेवासे तालुक्यावरनं चाललीय. मग आत्या तिथंच का नाही उतरत?" मी त्याला खाली बसवले.

ताई विमानाने आली ती परीटघडीची साडी नेसून. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी परत निघाली. जायचे तिकीट आधीच काढलेले होते. "दीड तासावर तर आहे, पुन्हा येईन की," म्हणाली. पुढची दिवाळी चुकली, त्याच्या पुढचीही. आणि तिला काय म्हणून बोल लावू? इतक्या वर्षांत तिच्या दारात मी तरी कुठे पाऊल टाकले?

आईला किलोमीटरही कळत नाहीत आणि विमानाच्या वेळाही. ताईचा फोन आला की तिचा एकच प्रश्न : "किती रात्री राहशील?" आणि उत्तर ऐकून ती बोटे मोजते. अलीकडे एका हाताची बोटेही पुरी लागत नाहीत.

गेल्या दिवाळीत ताई निघाली तेव्हा गाडी दारात उभी होती. आई आतून काठी टेकीत आली. हातात फडक्यात बांधलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुडी.

"अगं आई, दीड तासाला कुठं शिदोरी लागते?"

"असू दे. वाटेत मुक्काम पडला तर?"

ताईने गाठोडे घेतले, क्षणभर तशीच उभी राहिली. मग गाडीवाल्याला जरा थांबायला सांगून ती ओट्यावर आईशेजारी बसली, आणि तिथेच गाठ सोडून तिने एक दशमी मोडली.